उसाकडचा गोल

मी फुटबॉलचा प्रशिक्षक होतो असं सांगितलं की आमच्या कसबा पेठेतले लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात, मग पायांकडे. "अस्सं! आणि पोटापाण्यासाठी काय करत होता?" हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. प्रश्न रास्त आहे. पोटापाण्यासाठी मी हडपसरच्या पुढे, मांजरीच्या बाजूला असलेल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होतो. जिग बनवायचो. फुटबॉल होता तो कारखान्याच्या संघापुरता, पहिल्या पाळीच्या आधी तासभर. पुढे कारखाना गेला, टूलरूम गेली, आणि ज्याला घरचेसुद्धा रिकामटेकडा उद्योग म्हणत होते त्यानेच मला साठी उलटेपर्यंत पगार दिला. त्यामुळे हसणाऱ्यांना मी खुशाल हसू देतो.

जिग म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण माझी फुशारकी आणि माझी चूक दोन्ही त्यातच आहेत. समजा, लोखंडाच्या हजार तुकड्यांना एकाच जागी भोक पाडायचं आहे. प्रत्येक तुकडा मोजून, खूण करून पाडत बसलात तर जन्म जाईल, आणि तरी हजार भोकं हजार ठिकाणी पडतील. म्हणून एक पोलादी चौकट करतात. तुकडा तिच्यात घट्ट बसवायचा आणि वरच्या नळीतून ड्रिल खाली सोडायचं. भोक तिथंच पडणार, केसभरही सरकणार नाही. चालवणाऱ्याला डोकं लावावं लागत नाही. खरं तर त्याने ते लावू नये यासाठीच जिग असते. डोकं एकदाच लागतं, बनवणाऱ्याचं.

आता गोल कसे होतात ते. बाहेरच्यांना वाटतं, ज्याच्या लाथेत जोर तो गोल करतो. तसं असतं तर आमच्या फाउंड्रीतले निम्मे लोक राष्ट्रीय संघात गेले असते. पाचपन्नास सामने डोळे उघडे ठेवून बघा, म्हणजे दिसेल की बहुतेक गोल गोलखांबांपासून आठ-दहा पावलांच्या आत होतात, एका स्पर्शात होतात आणि दिसायला अगदी सामान्य असतात. कोणी पायाची कड लावली, कोणी गुडघा लावला, गोलीच्या, म्हणजे गोलकीपरच्या, हातून सुटलेला कोणी आत ढकलला. तिथे असणं हीच सगळी कला. पण चेंडू आल्यावर तिथे पोचून उपयोग नसतो, तोवर बचाववाला पोचलेला असतो. चेंडू निघायच्या आधी निघावं लागतं. म्हणजे बाजूने चेंडू टाकणारा आणि पुढे धावणारा, दोघांनी एकमेकांकडे न बघता एकाच जागी, एकाच क्षणी भेटायचं. एखाद्या सामन्यात हे कोणालाही जमून जातं. दर सामन्यात जमणं ही वेगळी गोष्ट आहे. स्ट्रायकर विचार करायला लागला की अर्धा सेकंद जातो, आणि त्या अर्ध्या सेकंदात गोल मरतो.

म्हणून मी ठरवलं, विचार काढून टाकायचा. माणसाची जिग करायची. फुटबॉलच्या कोणत्याही पुस्तकात हे सापडणार नाही, आणि हे शहाण्या माणसाला सुचलंही नसतं. टूलरूममधल्या माणसालाच सुचायचं.

नव्वदनंतरची पहिली काही वर्षं होती. प्रकाश गायकवाड लोणी काळभोरहून सायकलवर यायचा. फिटर होता, पंचविशीचा, अंगाने काटक, बोलणं कमी. आमच्या संघात तो कसाबसा बसत होता. वेग बेताचा, उंची बेताची. पण एक गुण असा होता की मी सांगितलेलं तो तंतोतंत करायचा. 'का' म्हणून त्याने मला कधी विचारलं नाही. त्या वेळी मला तो गुण वाटला होता.

कारखान्यामागे आमचं मैदान होतं आणि त्याच्या पूर्वेच्या टोकाला, गोलच्या मागे दहा पावलांवर, ऊस सुरू व्हायचा. त्याला आम्ही उसाकडचा गोल म्हणायचो. तिथे सरावाला कोणी मनापासून जात नसे. वारा नसतानाही तो ऊस सळसळत राहायचा आणि गोलीला सारखं वाटायचं की पाठीमागे कोणीतरी उभं आहे. कोल्हे असतील, उंदीर असतील. मी प्रकाशला मुद्दाम तिथेच नेला, कारण दुसरं टोक बाकीच्यांना हवं असायचं.

धाव मी आखली. पेनल्टीच्या ठिपक्यापासून निघायचं, पाच पावलं, तिसऱ्या पावलाला उजवीकडे वळायचं, चौथ्याला डावा खांदा खाली, पाचव्याला उजव्या खांबाच्या आत पाय टेकवून डोकं लावायचं. चेंडू तिथे असणारच. तो टाकणाऱ्यालाही मी तसाच घोटवला होता. पाचवं पाऊल जिथे पडायचं तिथे मी मातीखाली अंगठाभर खोल एक लोखंडी पट्टी पुरली, तळहाताएवढी. पायाला टणक लागलं की समजायचं, जागेवर आलो. नियमात बसत नाही हे मला माहीत होतं. पंचाला माहीत नव्हतं. खंडेनवमीला टूलरूममध्ये आम्ही सगळी हत्यारं मांडून झेंडू वाहायचो. त्या वर्षी व्हर्निअर आणि मायक्रोमीटरच्या शेजारी ती पट्टी होती आणि तिच्याशेजारी प्रकाशचे बूट. हळदीकुंकू वाहिलेली पट्टी दसऱ्यानंतर मी मैदानात पुरली.

मग महिनोन्महिने तेच. सकाळी सहाला तो यायचा, मी मोजायचो, "एक, दोन, वळ, खांदा, मार." आधी चेंडूसकट, मग चेंडूशिवाय, मग डोळे मिटून. शंभर वेळा. थंडीत उसावरून धुकं मैदानात सरकायचं आणि ठिपक्यापुढचं काही दिसेनासं व्हायचं. तेव्हा मी नुसत्या पावलांवरून ओळखायचो की धाव बरोबर झाली की नाही. पाचवं पाऊल पट्टीवर पडलं की एक बद्द आवाज यायचा.

अशाच एका सकाळी मी नेहमीच्या जागी उभा राहून मोजायला लागलो. पावलं आली. वळण बरोबर, खांदा बरोबर असणार, कारण पाचवं पाऊल नेमकं पट्टीवर पडलं. पुन्हा मोजलं, पुन्हा तसंच. आठ-दहा धावा झाल्या असतील. एवढ्यात पाठीमागच्या फाटकातून सायकलची घंटा वाजली आणि प्रकाश घामाघूम होऊन आला. "मास्तर, चुकलं आज. चेन तुटली थेऊर फाट्यापाशी," तो म्हणाला.

मी धुक्यात बघत राहिलो. तिथे काही नव्हतं. ऊस सळसळत होता. कुत्रं असेल, मी स्वतःला म्हणालो, आणि त्याला बूट चढवायला सांगितलं. पण खोटं कशाला सांगू, भीतीच्या खाली मला आनंद झाला होता. धाव आता माणसापासून सुटी झाली, जिग तयार झाली, असं काहीतरी वेड्यासारखं मनात आलं.

त्या मोसमात प्रकाश सुटलाच. जवळजवळ प्रत्येक सामन्यात गोल, आणि तोही एकाच जागेवरून. खडकीच्या, कॅम्पातल्या नावाजलेल्या संघांना कळेना की हा साधा दिसणारा माणूस दर वेळी मोकळा कसा सापडतो. एका बचावपटूने मला सामन्यानंतर बाजूला घेतलं. "साहेब, मी त्याच्या अंगाला अंग लावून उभा होतो. तो हललाच नाही. आणि तरी तिथे गेला," तो म्हणाला. मी हसून त्याच्या पाठीवर थाप मारली. बाहेरच्या मैदानांवर पट्टी नव्हती, पण प्रकाशला ती आता लागत नव्हती. शेवटच्या पावलाला त्याचे डोळे मिटलेले असायचे, सामन्यातसुद्धा. ते फक्त मलाच माहीत होतं.

आंतरकारखाना स्पर्धेचा अंतिम सामना आमच्या मैदानावर होता. आदल्या आठवड्यात उसाकडच्या गोलचा उजवा खांब बुडाशी गंजून डुगडुगायला लागला. सिव्हिलची माणसं आली. जुनं काँक्रीट फोडायचा कंटाळा करून त्यांनी शेजारी नवा खड्डा घेतला, आणि रुंदी बरोबर राहावी म्हणून डावा खांबही तेवढाच सरकवला. आदल्या संध्याकाळी मी टेप लावून मोजलं. माझी सवयच ती. रुंदी बरोबर, उंची बरोबर, नियमात काही खोट नाही. फक्त अख्खा गोल दीड फूट डावीकडे गेला होता. पूर्वी जिथे खांबाच्या आतली मोकळी जागा होती, तिथे आता खांब उभा होता.

हे प्रकाशला सांगायला हवं होतं. मी सांगणारच होतो. पण सकाळी तो बूट बांधत बसलेला दिसला, शांत, रिकाम्या चेहऱ्याचा, आणि मला वाटलं, आता सांगितलं तर हा धावताना विचार करेल. विचार केला की अर्धा सेकंद जाईल. खांब काय लपून राहतोय, दिसेलच की. पाच महिने घासून केलेली वस्तू शेवटच्या दिवशी कशाला हलवा? मी "शाब्बास, नेहमीसारखं," एवढंच म्हणालो.

उत्तरार्धात आम्ही उसाकडे मारत होतो. चेंडू उजवीकडून आला, अगदी हवा तिथे. प्रकाश निघाला. एक, दोन, वळ, खांदा. मी मैदानाबाहेरून बघत होतो आणि मला सगळं दिसत होतं. ओरडायला वेळ होता. तोंड उघडलं होतं माझं. पण तोंडातून मोजणीच बाहेर आली.

त्या आवाजाबद्दल मी लिहिणार नाही. प्रकाश दोन दिवस दवाखान्यात होता आणि तिसऱ्या दिवशी गेला. सगळे म्हणाले, नशीब. कंपनीने त्याच्या बायकोला, मंगलला, कँटीनमध्ये कामाला घेतलं. मी टेप लावून मोजलं होतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे मला कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. पट्टी काढायला म्हणून दोनदा गेलो. दोन्ही वेळा फावडं खांद्यावर तसंच घेऊन परत आलो.

पुढचं तुम्हाला पेपरातून माहीतच आहे. बाहेरचा माल आला, आमची यंत्रं म्हातारी ठरली, स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म वाटले गेले. स्वेच्छा कोणाची हे विचारायचं नसतं. ऊस निघाला, त्याजागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. मैदानाचा अर्धा भाग पार्किंगला गेला आणि उरलेल्यावर तीन-तीन फूट मुरूम-माती टाकून हिरवंगार गवत लावलं. त्या काचेच्या कंपनीने मलाच प्रशिक्षक म्हणून बोलावलं. मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी मला थंडगार खोलीत बसवून सांगितलं, "सर, आम्हाला गोलमध्ये कन्सिस्टन्सी हवी. दर क्वार्टरला रिव्ह्यू घेऊ." मी म्हणालो, "बाई, भाजीत मीठसुद्धा रोज सारखं पडत नाही." पण पोरं चांगली होती, आणि त्या मैदानापासून लांब राहणं मला जमलं नाही, हेही खरं.

एक मात्र ठरवलं होतं. ती धाव कोणाला शिकवायची नाही. नव्या पोरांना मी बाकीचं सगळं शिकवलं. धावायच्या आधी मान वळवून बघणं, दोन्ही पायांनी मारणं, सुटलेल्या चेंडूवर झडप घालणं, चुकलेला गोल विसरून पुढच्याची वाट बघणं. विचार करा, असंच मी त्यांना सांगायचो. आम्ही त्यामुळे कधी जिंकायचो, कधी हरायचो, आणि बाईंचा रिव्ह्यू बेताचाच जायचा.

स्वप्निल मेश्राम भंडाऱ्याचा. सॉफ्टवेअरमध्ये चुका शोधायचं काम करायचा. टेस्टर म्हणतात त्याला. बोलका, हसरा, प्रकाशच्या अगदी उलट. प्रकाश गेला तेव्हा हा भंडाऱ्यात प्राथमिक शाळेत असेल. संघात आल्यावर दोन महिन्यांनी सकाळच्या सरावात त्याने पूर्वेच्या गोलसमोर एक धाव घेतली आणि माझ्या हातातली शिट्टी खाली पडली. पाच पावलं. तिसऱ्याला वळण, चौथ्याला डावा खांदा खाली. पाचव्याला डोळे मिटलेले.

मी त्याला बोलावलं. "हे तुला कोणी शिकवलं?"

"तुम्हीच तर, सर."

"मी? कधी?"

"शिकवलं म्हणजे तसं नाही," तो गोंधळून म्हणाला. "तुम्ही मोजता ना तिकडून, त्या तालावर पाय आपोआप पडतात. आणि तिथली जमीन टणक लागते, तिथे थांबलं की बरोबर बसतं."

मी लांब होतो, बाकापाशी. तोंडातल्या तोंडात मोजत असेन तर ते मलाही ऐकू येत नव्हतं. टणक जमिनीचं तर विचारूच नका. पट्टी तीन फूट भरावाखाली गाडलेली होती. त्याचं सगळं ऐकल्यावर त्याला मी ती धाव पुन्हा घ्यायची नाही म्हणून बजावलं. तो "हो सर" म्हणाला आणि पुढच्या सामन्यात त्याच धावेने गोल केला. त्याच्या पुढच्यातही. काही दिवसांनी त्याने लॅपटॉपवर मैदानाचं चित्र काढून आणलं, आमचा प्रत्येक गोल जिथून झाला तिथे तांबडा ठिपका. सगळे ठिपके एकावर एक बसून एकच जाडजूड डाग झाला होता. "मला वाटलं माझ्या प्रोग्राममध्येच बग आहे, सर. तीनदा तपासलं," तो म्हणाला.

मग मी काय केलं? मला लाज वाटते, पण मी गप्प बसलो. आम्ही जिंकत होतो. बाई खूश होत्या. आणि दर सामन्यात ती धाव बघताना मला वाटायचं की प्रकाश काही अगदीच गेलेला नाही. पोराच्या अंगातून मी दुसऱ्याच माणसाला बघत होतो, आणि त्याची चटक लागली होती.

कंपन्यांच्या स्पर्धेचा अंतिम सामना पुन्हा याच मैदानावर आला. रविवारची दुपार. हल्लीचे गोल चाकांवरचे असतात, ॲल्युमिनियमचे. प्रायोजकाची कमान बसवायची म्हणून सजावटवाल्यांनी पूर्वेचा गोल ढकलला होता आणि रेषाही नव्याने आखल्या होत्या. मी सकाळीच जाऊन कुंपणापासून टेप लावली. दीड फूट. डावीकडे. दोनदा मोजलं, मग टेप तिथेच टाकून खाली बसलो. सजावटवाल्याला म्हणालो, गोल परत सरकव. तो म्हणाला, "काका, कमान बोल्ट केली आहे. आता उद्याच." पंचाकडे गेलो. त्याने रुंदी मोजली, रेषा बघितल्या आणि सगळं नियमात आहे म्हणून सांगितलं. ते तर मलाही माहीत होतं.

म्हणजे उरला एकच उपाय. स्वप्निलला सांगणं. आणि नुसतं 'खांब सरकलाय' म्हणून भागणार नव्हतं. तो हसून "बघतो सर" म्हणाला असता आणि डोळे मिटून धावला असता. त्याला सगळं सांगावं लागणार होतं. इथे एक माणूस मेला, असाच, आणि मला आधीपासून माहीत होतं, हे.

मध्यंतराला शून्य-शून्य होतं. आता आम्ही पूर्वेकडे मारणार होतो. स्वप्निल पाणी पीत बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तोही वर बघत थांबला. आणि वाचकहो, मी म्हणालो, "शाब्बास, नेहमीसारखं."

शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले, ते माझे मलाच ऐकू आले, आणि तरी मी बाकाकडे चालायला लागलो. मागे वळून परत जायला हवं होतं. शिट्टी झाली आणि पोरं मैदानात गेली.

चेंडू उजवीकडून आला. स्वप्निल निघाला. एक, दोन, वळ, खांदा. मी बाकाला धरून उभा होतो आणि मोजणी तरी बाहेर पडू नये म्हणून ओठ दातांखाली धरले होते. पाचव्या पावलाच्या आधी स्वप्निलने डोळे उघडले. डावा हात पुढे करून तळवा खांबावर टेकवला, त्याच्या आधाराने अंग बाहेर फिरवलं, आणि चेंडू कपाळाच्या कडेने आत गेला. पोरं त्याच्यावर पडली. मी गवतावर बसून रडत होतो आणि बाईंना वाटलं की मी जिंकल्यामुळे रडतोय.

सामना संपल्यावर मी त्याला विचारलं, "हात का पुढे केलास?"

"तुम्ही ओरडले ना, सर. पोस्ट आत हाय, पोस्ट बघ, असं." मग तळवा चोळत त्याने माझ्याकडे बघितलं. "पण तुम्ही तर पुण्याचे. तुम्ही 'हाय' कधीपासून म्हणायला लागले? आणि एवढ्या जवळून कसं ऐकू आलं मला? तुम्ही तर बाकापाशी होते."

त्याच्या तळव्यावर खांबाची लाल खूण उमटली होती, ती बघत राहिलो.

पुढच्या रविवारी मी लोणी काळभोरला गेलो. प्रकाशच्या पत्नी मंगलताई आता कॉलेजच्या पोरांसाठी मेस चालवतात. इतक्या वर्षांत मी त्यांच्या दारात पाय ठेवला नव्हता. परातीत कणीक तिंबत होत्या त्या. "या मास्तर," एवढंच म्हणून त्यांनी मला खुर्ची दिली, आणि मी पाणीसुद्धा न पिता सगळं सांगून टाकलं. खांब सरकला होता. मी मोजला होता. मला माहीत होतं आणि मी त्याला सांगितलं नाही.

त्यांचा हात थांबला नाही. "त्यांनाबी म्हाईत होतं," त्या म्हणाल्या.

मला कळेना.

"आदल्या दिवशी सुटी झाल्यावर त्यांनी बघितलं ना. घरी येऊन बोलले मला, पोस्ट आत आलंय म्हणून. मी म्हनलं, मग कसं करनार? तर म्हनले, मास्तरांनी टेप लावलीय, मी लांबून बघितलंय. किती कमी पळायचं ते मास्तर सांगतील. आपन आपल्या मनानं काय करायचं न्हाई."

बूट बांधत बसलेला तो रिकामा चेहरा मला आठवला. तो रिकामा नव्हता. तो थांबला होता. मी समोर येऊन उभा राहिलो तेव्हा तो वर बघून वाट बघत होता, आणि मी त्याला शाब्बास म्हणालो होतो.

"आनि ह्या नव्या पोराला?" मंगलताईंनी विचारलं. "त्याला तरी सांगितलंत ना?"

"नाही," मी म्हणालो.

आता त्यांचा हात थांबला. "मग वाचलं कसं त्ये?"

स्वप्निलने काय ऐकलं ते मी सांगितलं, जसंच्या तसं. त्यांनी दाराकडे बघितलं. रडल्या नाहीत. मग पदराला हात पुसून म्हणाल्या, "म्हंजी अजून तिथंच उभं हायत. तुमच्या सांगन्याची वाट बघत." आणि अगदी साध्या आवाजात, "जावा मास्तर, सांगून या. दमलं असतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी मैदानावर गेलो. कमान उतरवली होती, गोल जागेवर होता. सुरक्षारक्षकाने मला ओळखून सलाम केला. थोडं धुकं होतं. मी पेनल्टीच्या ठिपक्यापाशी उभा राहिलो. पाठीमागे कोणी नव्हतं, पण कोणीतरी बूट बांधून तयार आहे आणि माझ्या तोंडाकडे बघतंय, एवढं मला स्वच्छ कळत होतं. मी मोठ्याने म्हणालो, "प्रकाश, पोस्ट दीड फूट आत आहे. आज पळू नकोस."

बस, एवढंच. म्हणायला चार सेकंदसुद्धा लागले नाहीत.